चौदा नंबरचं कार्ड

‘बाई, आज मोबाईल आणलाय न्हवं?’

शाळेच्या फाटकातच पोरं मला घेरतात. पर्स उघडून दाखवली की ‘आणलाय, आणलाय!’ असा ओरडा करत आत पळतात. गंमत बघा, घरी माझ्या लेकीच्या हातातला मोबाईल सुटावा म्हणून मी काय काय नाही केलं! गोड बोलून झालं, रागावून झालं, एकदा तर तांदळाच्या डब्यात लपवून झाला. आणि तीच मी शाळेत मोबाईल हातात धरून वर्गात शिरते. आमच्या जाऊबाई म्हणतात, ‘तुमचं म्हणजे लोकां सांगे ब्रह्मज्ञान.’ असेलही. पण त्यामागे एक गोष्ट आहे. ती फारशी अभिमानाची नाही, म्हणून बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माणदेशातलं गाव, शाळा सातवीपर्यंत, शिक्षक पाच. गावातले निम्मे बाप्ये गलाईच्या कामाला परप्रांतात. दिवाळीला नाहीतर जत्रेला यायचे, चार दिवस राहायचे आणि परत जायचे. घर, शेत, जनावरं, म्हातारी माणसं सगळं बायकांच्याच अंगावर.

तसं पाहिलं तर मोबाईल, कॉम्प्युटर वगैरे आमच्या शाळेला नवीन नव्हतं. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि गावोगावच्या शाळा लोकवर्गणीतून ‘डिजिटल’ व्हायला लागल्या. आमच्याही गावानं वर्गणी काढली. प्रोजेक्टर आला, नारळ फुटला, पेढे वाटले. दोन वर्षांत त्याचा बल्ब गेला. नवा बल्ब कुणी आणायचा यावर तीन सभा झाल्या, बल्ब काही आला नाही. आमच्या सहकारी बाईंनी त्याला क्रोशाचं झाकण विणलंय. दसऱ्याला आम्ही त्याला न चुकता झेंडूचा हार घालतो.

पुढे पुस्तकांत ते काळे-पांढरे चौकोन आले, क्यूआर कोड. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी आपल्या शाळेत त्याची सुरुवात केली होती, मग बालभारतीच्या पुस्तकांतही ते आले. २०१७ साली ‘दीक्षा’ ॲप आलं. मोबाईलनं तो चौकोन टिपला की धड्याचा व्हिडिओ उघडायचा. डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. त्या रात्री टीव्हीसमोर बसून मी चक्क रडले होते. वाटलं, आपल्यासारखाच झेडपीचा मास्तर... आपणही करू काहीतरी.

तेव्हा आमचा वर्ग बंद होता आणि मी माझ्या मते बरंच काही करत होते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि एप्रिलपासून ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही मोहीम निघाली. रोज अभ्यासाची लिंक यायची, ती आम्ही पुढे पाठवायची. जून उजाडला तसा मी ‘इयत्ता चौथी’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. वर्गात मुलं एकोणतीस, पण ग्रुपवर नंबर एकोणीसच. बाकी दहा जणांच्या घरी स्मार्टफोन नव्हता. त्या दहा जणांसाठी मी आठवड्यातून दोनदा स्कुटीवरून जायची, मारुतीच्या पारावर त्यांना लांब लांब बसवायची, कागद वाटायची. ज्यांच्याकडे फोन होता त्यांच्याकडे जायचं काही कारणच नव्हतं. त्यांचा गृहपाठ घरबसल्या येत होता.

त्या एकोणीस जणांत ती होती. तिचं नाव लिहीत नाही. हजेरीत तिचा नंबर चौदावा, तेवढं पुरे.

तिचा गृहपाठ न चुकता यायचा. इतरांचे फोटो अंधारातले, वाकडे, कडेला कोंबडीचा पाय आलेला! हिचा फोटो सरळ, अक्षर टापटीप, गणितं बरोबर. मी रोज तिला पिवळा स्टार पाठवायची. कधी दोन. एकदा तर तिची वही बाकीच्यांना नमुना म्हणून ग्रुपवर टाकली.

ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा भरले. पोरं पाचवीत आली होती आणि वर्ग माझ्याकडेच होता. पहिल्या दिवशी गाणी, गप्पा. तिसऱ्या दिवशी मी वाचन घेतलं. तिची पाळी आली, ती उभी राहिली, पुस्तक धरलं आणि गप्प. मला वाटलं लाजतेय. ‘वाच गं, तू तर हुशार माझी,’ असं म्हटलं. तिनं पहिला शब्द सुटा सुटा करून वाचला, दुसऱ्यावर थांबली. शेवटी मीच तिला खाली बसवलं.

मधल्या सुट्टीत तिची वही घेतली आणि मोबाईलमधले वर्षभराचे फोटो वर सरकवत गेले. अक्षरच वेगळं! हिचा ‘र’ अजून कसाबसा उभा राहत होता, फोटोतला ‘र’ झोकात वळलेला.

‘हे कुणी लिहिलं गं?’

‘दादानं,’ ती म्हणाली. घाबरली नाही की काही नाही. जणू मी उगाचच विचारत होते. ‘फोन दादाचा हाय.’

दादा तेव्हा नववीत. वडील तमिळनाडूत गलाईच्या कामाला. त्यांनी पैसे पाठवून फोन घेतला तो मुलाच्या शिक्षणासाठी. त्याचे स्वतःचे तास त्याच फोनवर. बहिणीचा गृहपाठ गेला नाही तर बाई ओरडतील म्हणून तो पाच मिनिटांत लिहून पाठवून द्यायचा. त्याला तरी काय बोलायचं? त्याच्या परीनं त्यानं बहिणीला वाचवलंच होतं. आणि ती? आई रोजगाराला, म्हणून सकाळचं पाणी, दुपारी शेरडं, संध्याकाळच्या भाकरी. वर्षभर मी एका नववीतल्या मुलाला चौथीच्या गणितांबद्दल स्टार देत होते.

आजही मला सगळ्यात टोचतं ते हे, की पारावरच्या त्या दहा पोरांना माझ्यासमोर बसून दोन अक्षरं तरी वाचायला मिळाली. हिच्या घरी फोन होता म्हणून मी गेले नाही.

मैत्रिणींनो, घरात फोन असणं आणि मुलीच्या हाताला तो लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्यापैकी कितीजणींच्या घरात रिचार्ज आधी कुणाच्या फोनला होतो, आठवून बघा. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या ग्रामीण मुलामुलींना विचारलं, तर स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के आणि मुली २६.९ टक्के निघाल्या. ही झाली मोठी मुलं. दहा वर्षांच्या पोरीच्या वाट्याला फोन येतो तो दादाचं झालं की, बाबांचं झालं की आणि चार्जिंग उरलं तर.

तिच्या आईला शाळेत बोलावलं. पदर सावरत दारातच उभी राहिली. ‘ताई, आत या, बसा,’ म्हटलं तर खुर्चीच्या कडेवर टेकली. मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बाई, तिला डोकंच न्हाई. तिचा दादा हुशार हाय. औंदाचं वरीस बसू द्या तिला, म्होरं शेरडं बघंल.’ आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. ठरून गेलेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. आणि शेरडं राखायला बसलेल्या पोरीचं पुढं तीन-चार वर्षांत काय होतं ते आमच्या भागात सगळ्यांना माहीत असतं.

मी वाचनाच्या मागे लागले. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास. पण वर्गात ती शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायची आणि मी काही विचारलं की भिंतीला चिकटायची.

त्याच सुमाराला केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका तरुण गुरुजींनी ‘प्लिकर्स’ दाखवलं. मुलांच्या हातात मोबाईल नाही, टॅब नाही, काही नाही. मुलांना फक्त कागदाचं एकेक कार्ड. त्यावर क्यूआर कोडसारखी काळी ठोकळ्यांची नक्षी, आणि प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी. चार कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. बाईंनी प्रश्न विचारायचा, चार पर्याय द्यायचे. मुलानं आपलं उत्तर असलेली कड वर करून कार्ड धरायचं. बाईंनी आपला मोबाईल वर्गावरून नुसता फिरवायचा. कॅमेरा एकेक कार्ड वाचतो आणि कुणाचं बरोबर, कुणाचं चूक ते बाईंच्या पडद्यावर दिसतं. शेजारच्याला काही कळत नाही, कारण त्याच्या कार्डाची नक्षीच निराळी. कॉपी करायची तरी कशी?

एक फोन आणि तीसेक कागद, एवढा सगळा खर्च. मी तर त्याच संध्याकाळी तालुक्याला झेरॉक्सवाल्याकडे जाऊन कार्डं छापून घेतली. आणि पोरं फाडतील म्हणून शहाणपणानं सगळी लॅमिनेशन करून आणली. दुसऱ्या दिवशी वर्गात मोबाईल फिरवते तर निम्मी कार्डं वाचेचनात! खिडकीचा उजेड त्या चकचकीत प्लास्टिकवर पडून नुसती चमक. पोरं हात वर धरून धरून दमली. शेवटी कार्डं पुन्हा छापली आणि घरात साठलेल्या लग्नपत्रिकांवर डकवली. जाड, टणक, बिनचकाकीच्या. त्यामुळे आमच्या कार्डांच्या पुढे नक्षी आणि मागे ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’! नक्षीवर बोट आलं तरी फोन चुकतो, म्हणून पत्रिका कडेनं कशी धरायची तेही शिकवावं लागलं.

पहिला प्रश्न मला तारखेसकट आठवत नाही, पण प्रश्न आठवतो. अपूर्णांक शिकवून झाले होते. फळ्यावर लिहिलं: १/३ आणि १/४ यांत मोठा कोणता? ए – १/३, बी – १/४, सी – दोन्ही सारखे, डी – सांगता येत नाही.

आदल्या दिवशी हाच प्रश्न मी तोंडी विचारला होता. पुढच्या बाकावरच्या चौघांनी हात वर केले, बरोबर सांगितलं. मी म्हटलं, ‘समजलं का सगळ्यांना?’ वर्ग म्हणाला, ‘होऽऽ.’ आम्ही शिक्षक या ‘हो’वर पुस्तकंच्या पुस्तकं संपवतो.

कार्डं वर झाली. नेटची रेंज खिडकीजवळच येते, म्हणून मी तिथल्या बाकावर चढून मोबाईल फिरवला. हजर सत्तावीस. बरोबर आठ.

मला वाटलं फोन बिघडला. पुन्हा फिरवला. आठच! त्या चौघांखेरीज फक्त चार. बाकी बहुतेकांनी १/४ मोठा म्हटलं होतं, कारण चार हे तीनपेक्षा मोठे. मी आठ दिवस छेद-अंश, छेद-अंश करत होते आणि पोरं खालचा आकडा बघून उत्तर देत होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत किती वर्गांना मी हे असंच ‘शिकवलं’ असेल, या विचारानं बाकावरून खाली उतरताना पाय लटपटले, खरं सांगते.

आणि त्या आठ जणांत चौदा नंबर हिरवा होता.

तिला उभं केलं नाही. पोरांना कागदाच्या पट्ट्या घड्या घालायला दिल्या आणि हळूच तिच्या बाकाशी जाऊन बसले. ‘ए कसं केलंस गं?’

बराच वेळ गप्प. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, ‘भाकरी तिघांत केली तर मोठा वाटा येतो. आत्या आली की चार वाटं हुत्यात.’

वर्षभर भाकरी थापणाऱ्या पोरीला अपूर्णांक येत होता. तिला ‘छेद’ हा शब्द वाचता येत नव्हता इतकंच. मी तिला विचारून तिचं उत्तर वर्गाला सांगितलं आणि पुढचे चार दिवस आम्ही भाकरीवरच अपूर्णांक केले. आत्या आली, आत्याची दोन पोरं आली, वाटे लहान लहान होत गेले. आठवड्यानं पुन्हा कार्डं वर केली, तेव्हा एकवीस बरोबर आले.

हात वर करायला धीर लागतो, आणि तो सगळ्यांकडे सारखा नसतो. मुलगा चुकला तर दोघं हसतात, तो तिसऱ्याला गुद्दा घालतो, संपलं. मुलगी चुकली की ती पुढच्या वेळी विचार करते, मग त्याच्या पुढच्या वेळी हातच वर करत नाही. कार्डात चूक फक्त बाईंना दिसते. म्हणूनच आमच्या वर्गात सगळ्यात आधी कार्डं मागायच्या त्या मागच्या बाकावरच्या मुली.

आता माझीही हौस सांगते. पुढचा महिनाभर मी इतकी कार्डं घेतली की पोरं कंटाळली. वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा मुद्दाम चुकीची कड वर करायला लागला, बाईंच्या फोनवर लाल कसं होतं ते बघायला! प्रश्न बिनडोक असेल तर कार्डही बिनडोकच. आठवड्यातून दोनदा, नेमका एक प्रश्न, एवढ्यावर आले. बाकी मोबाईल वापरते तो साधाच. कॅमेऱ्यातून पानाच्या शिरा मोठ्या करून दाखवायच्या, नाहीतर पोरांचा आवाज भरून त्यांनाच ऐकवायचा. त्याचं पुढे येईलच.

त्याआधी फोटोचं प्रकरण. मी खिडकीजवळच्या बाकावर चढून मोबाईल धरलाय, असा फोटो कुणीतरी बाहेरून काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘पगार घेऊन वर्गात मोबाईल.’ संध्याकाळपर्यंत सगळ्या गावानं बघितला. आमचे हे म्हणाले, ‘जाऊ दे, सोड ते मोबाईलचं खूळ.’ दोन दिवस मीही तोच विचार केला. मग मुख्याध्यापक सर म्हणाले, ‘बाई, माता-पालक सभा लावा आणि दाखवूनच टाका.’

जानेवारी-फेब्रुवारीत शाळांचं पुन्हा उघड-बंद झालं होतं, म्हणून ती सभा मार्च २०२२ मध्ये झाली. हळदीकुंकवाचं राहिलंच होतं, तेही त्यातच उरकलं. बावीस जणी आल्या. काही सासूबाईंना घेऊन, खरं तर सासूबाईच त्यांना घेऊन. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आदल्या रात्री मी कार्डांच्या मागच्या बाजूला चारी कडांना चार रंगांच्या टिकल्या चिकटवल्या होत्या. लाल, हिरवी, पिवळी, निळी. जे उत्तर त्या रंगाची टिकली वर. पोरांना मैदानात पिटाळलं.

आधी गमतीचे प्रश्न घेतले. पुरणाला डाळ कुठली, शाळेत झाडं किती. बायका हसायला लागल्या, कार्डं फडफडायला लागली. मग मी विचारलं, ‘आपल्या मुलीला किती शिकवावं असं तुम्हाला वाटतं? तुम्हाला, घरच्यांना नाही. सातवीपर्यंत लाल, दहावीपर्यंत हिरवी, बारावीपर्यंत पिवळी, आणि ती शिकेल तेवढं, निळी.’

हा प्रश्न तोंडी विचारला असता तर काय झालं असतं, तुम्हीच सांगा. सासूबाई शेजारी बसलेल्या. सगळ्यांनी खाली बघितलं असतं आणि एखादी धीट म्हणाली असती, ‘आमचे मालक म्हणतील तसं.’

वर्गात एकदम शांतता झाली. टिकल्या आपल्या बाजूला, नक्षी माझ्या बाजूला. कुणाची कुठली टिकली वर ते शेजारणीला नीट दिसू नये म्हणून बायकांनी पदराआड कार्डं धरली होती. मला म्हणावं लागलं, ‘अगं, जरा बाहेर काढा, फोनला दिसू द्या!’

बावीस कार्डांत सतरा निळ्या.

मी नुसता आकडा सांगितला. कुणी काही बोललं नाही. एका सासूबाईंनी विचारलं, ‘कुणी कुणी केलं गं निळं?’ मी म्हटलं, ‘ते फोनलाही कळत नाही, आजी.’ चक्क खोटं बोलले. फोनला कळतं, प्रत्येक नंबरापुढे उत्तर येतं. चौदा नंबरचं कार्ड त्या दिवशी तिच्या आईच्या हातात होतं, आणि चौदा नंबरापुढे काय आलं ते मी बघितलं होतं.

सभा संपल्यावर ती मागे रेंगाळली. कुंकू लावताना मी तिला लेकीचे अपूर्णांकाचे निकाल दाखवले. वाचता येत नव्हतं, पण रंग दिसत होते.

‘हिरवं म्हंजी बरुबर व्हय?’

‘हो.’

तिनं बोटानं मोजलं. नऊ हिरवे, दोन लाल. पुन्हा मोजलं. ‘आन् हे तिचं तिनंच केलं? दादानं न्हाई?’

‘दादा कुठं होता वर्गात?’

काही बोलली नाही. कार्ड परत देताना एक टिकली सुटली होती, ती अंगठ्यानं दाबून बसवली आणि गेली.

चार दिवसांनी पोरगी सांगत आली, ‘आईनं दादाकडनं फोन मागून घेतलाय. सातापासनं आठापतुर माझा.’ दादानं कुरकुर केली म्हणे, पण दिला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून सगळ्या गावाचे टीव्ही-मोबाईल दीड तास बंद करायला सुरुवात केली, मुलांचा अभ्यास व्हावा म्हणून. ते वाचलं तेव्हा मला हसू आलं. त्या गावात सातला फोन बंद व्हायचे, आणि आमच्या या घरात सातला पोरीच्या हातात फोन यायचा. दोन्ही कशासाठी, तर अभ्यासासाठीच. कुणाच्या घरात काय कमी आहे त्यावर ते.

त्या एका तासात तिनं करायचं एकच काम मी दिलं होतं. गृहपाठाचा फोटो नको. धड्यातल्या चार ओळी मोठ्यानं वाचायच्या, आवाज भरायचा आणि मला पाठवायचा. आवाज काही दादाला काढता येत नाही! पहिल्या दिवशी बारा सेकंदांत तीन शब्द आले. मी स्वयंपाक करताना कानाला लावून ऐकायची आणि उत्तरही आवाजातच द्यायची. स्टार पाठवणं मी सोडून दिलं होतं.

पाचवीची परीक्षा झाली. शेरडांचा विषय त्या वर्षी निघाला नाही, पुढच्या वर्षी निघाला, पुन्हा बसला. सातवीनंतर शेजारच्या गावातल्या हायस्कूलला जायचं तर एसटीचा प्रश्न आला. मुलींना पास फुकट असतो, पण गाडी वेळेवर येईल तर ना! तरी गेली. आता नववीत आहे. वाचायला अजून हळूच वाचते, इंग्रजीचं तर विचारू नका. गणितात मात्र वर्गात तिसरी-चौथी असते. दादा बाप्यांसारखा गलाईला गेला नाही, तालुक्याला आयटीआय केलं. भेटला की मान खाली घालून हसतो. आईला विचारूनच मी हे सगळं लिहितेय. ‘लिवा की,’ म्हणाली, ‘नाव नगा टाकू.’

माझा फोन जुना झालाय. सारखा सांगतो, जागा संपली, काहीतरी पुसा. लेक वैतागते, ‘आई, किती कचरा साठवलायस!’ फोटो पुसते, लग्नांचे व्हिडिओ पुसते. त्या मार्च-एप्रिलमधल्या तिच्या आवाजांपैकी एक ठेवलाय, अठ्ठेचाळीस सेकंदांचा. त्यात ती अडखळत चार ओळी पुऱ्या करते. मागे कुठंतरी शेरडू ओरडतं, तव्यावर उलथनं वाजतं. वाचन संपतं, ती फोन बंद करायला जाते, तेवढ्यात लांबून, चुलीपाशीवरून तिच्या आईचा आवाज येतो –

‘आगं, थांब. परत एकदा वाच. मगाचं मला आईकाय आलं न्हाई.’